मॅटखालचं सारवण

मेजर इनामदार मला पहिल्यांदा दिसले तेव्हा रक्त थुंकत होते. हॉकीची काठी तोंडावर बसली होती. देहूरोडच्या डेपोचं मैदान, डोक्यावर ऊन, मी रोजंदारीवर मुरमाची पाटी घेऊन उभा, आणि एवढा मोठा साहेब धुळीत गुडघे टेकून दात चाचपतोय. एक जवान पळत आला, "साहब, डॉक्टर बुलाऊं?" साहेब म्हणाले, "डॉक्टर काय दात उगवून देणार आहे? बॉल आत टाक." आणि लागले खेळायला. मला वाटलं, माणूस येडा आहे. पुढं कळलं की हॉकी झाली की फुटबॉल, फुटबॉल झाला की बॉक्सिंग, पुण्याला कुणी घोडा दिला तर पोलो, आणि या सगळ्यांच्या वर क्रिकेट. बनियनवर रोलरच्या दांड्यावर टेकले की सगळी मोडतोड दिसायची. नाक बॉक्सिंगनं वाकडं. करंगळी झेल घेताना मोडलेली, ती कायम बाहेर बघायची. गळ्याजवळचं हाड घोड्यावरून पडून वर आलेलं. पॅव्हेलियनच्या पत्र्याखाली एका गोऱ्या अधिकाऱ्याचा फोटो होता, राणीच्या राज्यातला. कल्लेदार मिशा, हातात बॅट, पायाशी हॉकीची काठी आणि फुटबॉल. साहेब आत जाताना त्याला कडक सलाम ठोकायचे. आमचा सुभेदार मागून म्हणायचा, "गोरा तापानं मेला आणि आमच्या मेजरला चढला."

आमचं घर कामशेतच्या वरच्या अंगाला. भाताची खाचरं, एक म्हैस, आई आणि मी. बाप लवकर गेला. शाळा मी चौथीत सोडली, म्हणजे मास्तरांनीच सोडवली. आई पहाटे चूल पेटवायची त्या धुरानं मला जाग यायची. तांदळाची भाकरी, त्यावर कुळथाचं पिठलं, पावसाळा असेल तर ओढ्याच्या चिंबोऱ्यांचा रस्सा. भाकरी फडक्यात बांधून मी बांधाबांधानं स्टेशन गाठायचो. घाट चढून आलेल्या मालगाडीचा भोंगा लांबून यायचा आणि आई म्हणायची, "पळ, तुजी गाडी आली." ती माझी गाडी कधीच नसायची. तिला सगळे भोंगे सारखेच. आता आमच्या त्याच खाचरांत बंगले झालेत. शनिवारी पुण्या-मुंबईची पोरं येतात, हिरवी चटई अंथरून लाइट लावून क्रिकेट खेळतात आणि बॉल माझ्या परसात आला की "अंकल, बॉल" म्हणून ओरडतात. मी फेकतो. अजून नीट जातो.

फेकण्यानंच सगळं सुरू झालं. एकदा हद्दीबाहेर आलेला बॉल मी पाटी खाली ठेवून परत फेकला तो थेट तिन्ही दांड्या घेऊन गेला. गोफण चालवलेला हात, त्यात नवल नाही. साहेब माझ्याकडं चालत आले. मला वाटलं आता मार बसतो. म्हणाले, "नाव काय?" मी म्हणालो, "किसन." "किसन, हे फेकणं झालं. बोलिंग म्हणजे कोपर वाकवायचं नाही." माझं कोपर काही सरळ राहीना. मग त्यांनी बांबूची कांब मागवली, माझ्या हाताला फडक्यानं बांधली आणि तसंच टाकायला लावलं. महिनाभर दुपारच्या सुट्टीत हाताला कांब बांधून मी बॉल टाकला. बाकीचे मजूर म्हणायचे, "किसन्या, हाड मोडलं का तुजं?" घरी आईनं हातावरचे वळ बघितले, तेल लावलं आणि म्हणाली, "सायब बरा दिसत न्हाई मला." पण हात सरळ झाला. आणि बॉल असा यायला लागला की जवान लोक माझ्यापुढं बॅट घेऊन उभं राहायला टाळायचे.

मैदानाच्या कडेला एक कौलारू खोली होती, तिच्यात मैदानाचा माळी धोंडूआबा राहायचा. बायको आणि मुलगी हौसा. पिच म्हणजे तेव्हा गवत नाही, मुरूम आणि लाल मातीची दाबलेली पट्टी, आणि तिच्यावर काथ्याची मॅट ताणून खुंट्यांनी ठोकायची. धोंडूआबा सकाळी पाणी मारायचा, सुकू द्यायचा, मग रोलर. रोलरचा तो खर्रर्र आवाज आणि हौसाच्या बांगड्यांचा आवाज माझ्या डोक्यात एकच आहे, कारण बापाला दम लागला की दांडा तीच धरायची. मी पाणी प्यायच्या निमित्तानं त्यांच्या दारात जायचो. ती तांब्या द्यायची आणि म्हणायची, "रांजण आटला की तुमी बी यायचं बंद करा." धोंडूआबाच्या सगळं लक्षात आलं होतं. तो सरळ माणूस. एक दिवस बिडी पेटवून म्हणाला, "किसन, पोरगा तू चांगला हायस. पण रोजंदारीवाल्याला मी पोरगी देणार न्हाई. पर्मनंट हो, मग बोलू."

पर्मनंट होणं साहेबांच्या हातात होतं. डेपोत एक जागा रिकामी होती आणि ती ते टीममध्ये खेळणाऱ्याला देणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षातून एकदा अधिकाऱ्यांची टीम विरुद्ध जवान आणि मजूर अशी मॅच व्हायची. त्या वर्षी मॅच बघायला ब्रिगेडियर येणार होते. मेजर साहेब मला म्हणाले, "त्या दिवशी तू मला बोलिंग करशील. काय ते तिथंच ठरेल." म्हणजे माझी नोकरी, आणि नोकरीमागं हौसा, एका मॅचवर टांगलेली. पण त्याच मैदानाची दुसरी गोष्टही मला माहीत होती. धोंडूआबाच्या आधीच्या माळ्याला साहेबांनी मॅटखाली खडा राहिला म्हणून काढलं होतं. बॉल उडून एका लेफ्टनंटच्या बरगडीवर बसला होता. संध्याकाळपर्यंत त्या माळ्याची भांडी खोलीबाहेर होती. साहेब तेव्हा म्हणाले होते, "मैदान हे माझं हत्यार आहे. हत्याराशी हयगय केली की माणूस मरतो." हे वाक्य धोंडूआबा देवाच्या नावासारखं घोकायचा.

मॅचच्या आदल्या दिवशी धोंडूआबाला हिवताप भरला. घोंगडीत गुंडाळून दात वाजवत पडला. पट्टी तयार करायचं काम माय-लेकींवर आलं. पाणी त्यांनी मारलं, रोलर ओढला. आणि पहाटे उठून हौसानं ती सगळी पट्टी शेणानं सारवली. हे मला नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मधे एक खळगा पडला होता, त्यात शेणमातीचा गोळा भरला, हातानं लिंपला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ्यासारखं सारवून काढलं. तिच्या हिशेबानं ते बरोबर होतं. मोठा पाव्हणा येणार, धूळ उडायला नको, आणि पाव्हणा येताना अंगण कुणी कोरडं ठेवतं का? बापानं कधी सारवलं नाही ते तिनं पाहिलं होतं, पण तिला वाटायचं, बाप्यांना सारवता येत नाही म्हणून. सारवण वाळायला ऊन लागतं. ऊन यायच्या आत लांबून जीपचा आवाज आला, आणि घाबरून दोघींनी ओल्या सारवणावरच मॅट पसरली आणि खुंट्या ठोकल्या.

ब्रिगेडियर वेळेच्या आधी आले. मेजर साहेब तेव्हा पलीकडच्या मैदानावर हॉकी खेळत होते, ते घामेघूम पळत आले, बूट बदलले, सलाम केला आणि तसाच टॉस केला. एरवी टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टन मॅट उचलून खालची पट्टी बघायचे. आमचा कॅप्टन सुभेदार. त्या दिवशी साहेबांनी बघितली नाही म्हणून सुभेदारानंही बघितली नाही.

पहिली बॅटिंग अधिकाऱ्यांची. पहिल्या ओव्हरला काही झालं नाही. दुसरीला माझा एक बॉल टप्पा पडून मेल्यासारखा बसला, त्याच्या पुढचा त्याच जागेवरून खांद्याएवढा उडाला. ओल्यावर मॅट सरकते, सुरकुती पडते, आणि सुरकुतीवर पडलेला बॉल कुठं जाईल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बॉल माझ्याकडं परत आला. मी तो पँटीला पुसला आणि पँटीवर हिरवा पट्टा उठला. नाकाशी नेला. शेतकऱ्याच्या पोराला तो वास सांगावा लागत नाही. मी खोलीकडं बघितलं. हौसा दारात उभी होती, दोन्ही हात पाठीमागं. तिची आई अंगणात धुणं धुतल्यासारखं करत होती. दोघींना काहीच कळलेलं नव्हतं, त्या मॅच बघत होत्या. पण मला सगळं कळलं.

बोललो तर मॅट उचलणार. मॅट उचलली की धोंडूआबाची भांडी खोलीबाहेर. नाही बोललो आणि जोरानं टाकला तर समोरच्याच्या डोक्यावर टोपीसुद्धा नाही. मी मधला रस्ता काढला. बॉल हळू टाकायला लागलो, पार बॅटच्या बुंध्यात, टप्पाच पडू नये असा. साहेब तोवर खेळायला आले होते. त्यांनी आरामात चार-सहा फटके मारले. सुभेदार माझ्या कानाशी येऊन खेकसला, "किसन्या, लग्नाचं आवातण वाटतोयस काय? जोर कुठं गेला तुझा?" मी म्हणालो, "हात दुखतोय." "आजच दुखायचा व्हता?" ब्रिगेडियर खुर्चीत मागं रेलून बाजूच्याशी बोलत होते. मॅचकडं त्यांचं लक्षही नव्हतं. माझ्या मनात आलं, संपलं, आता जन्मभर मुरमाच्या पाट्या.

तेवढ्यात साहेब पिचच्या अर्ध्यात चालत आले. मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "मला भीक घालतोयस?"

"न्हाई साहेब."

"मग घाबरलायस? ब्रिगेडियरला?"

"न्हाई साहेब."

"ऐक. एक बॉल तुझ्या खऱ्या जोरानं टाकायचा. नाहीतर उद्यापासून मैदानात पाय ठेवायचा नाही. समजलं?"

मी तोंड उघडलं. साहेब थांबले होते, बोललो असतो तर ऐकलं असतं. पण साहेबांच्या खांद्यावरून मला ते दार दिसत होतं. मी म्हणालो, "व्हय साहेब."

माघारी चालत गेलो. पळत आलो. हात सरळ, कांब बांधल्यासारखा. बॉल सुटला तेव्हाच मला कळलं की आखूड पडतोय. टप्पा नेमका त्या लिंपलेल्या खळग्याच्या कडेवर. साहेब पुढं वाकले होते. बॉल उठला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. ओला फडका दगडावर आपटावा तसा आवाज झाला. साहेब पडले नाहीत. बॅटवर भार टाकून खाली बसले आणि बोटांतून रक्त यायला लागलं.

सगळे धावले. स्ट्रेचर आलं. साहेब म्हणाले, "आधी मॅट उचला." सुभेदार म्हणाला, "साहेब, आधी डोळा—" "मॅट उचला म्हणतोय ना!" जवानांनी साहेबांना कडेला बसवलं, खुंट्या उपटल्या, मॅट गुंडाळली. खाली ते सारवण. ओलं, हिरवट, आणि त्यावर बोटांचे अर्धगोल, एकाला एक लागून, टोकापासून टोकापर्यंत. गावाकडच्या कुठल्याही ओट्यावर असतात तसे. सुंदर सारवलं होतं. मग सुभेदार ओरडला, "कुणाचं काम हे?"

घोंगडी ओढत धोंडूआबा खोलीतून आला. तापानं डोळे लाल. साहेबांच्या पायापाशी बसला आणि म्हणाला, "माजं काम, सायेब. तापात भान न्हवतं."

साहेबांनी उघड्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं. मग बसल्या जागी वाकून आपला हात त्या अर्धगोलावर ठेवला. त्यांची बोटं त्या खुणांच्या कितीतरी बाहेर आली. धोंडूआबाचा पंजा धरून तसाच ठेवला, तोही मावला नाही. "धोंडू, हा हात तुझा नाही."

"माजाच हाय सायेब."

"आबा खोटं बोलत्यात." हौसा मैदानात आली होती. त्या मैदानात खेळ चालू असताना बाई कधी आलेली मी पाहिली नव्हती. "मी सारवलं. मोठं सायेब येनार, धूळ नको म्हून. पाव्हन्याला सारवत्यात ना?"

धोंडूआबा ताडकन उठला आणि तिच्यावर हात उगारला. साहेबांनी बसल्या जागेवरून त्याचं मनगट पकडलं. एका डोळ्यानं, रक्त गळत असताना. तो झेल मी अजून विसरलो नाही.

ब्रिगेडियर जवळ आले. बगलेतली छडी त्यांनी सारवणात खुपसली, तोंड वाकडं केलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाले. शब्द मला कळले नाहीत, पण छडी खोलीकडं वळली तेव्हा अर्थ कळला. मेजर साहेब उभे राहिले. उभं राहताना त्यांचा तोल गेला, मी धरायला गेलो तर मला ढकललं. ताठ होऊन ते ब्रिगेडियरांशी इंग्रजीत बोलले, मग वळून तेच आमच्यासाठी मराठीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "टॉसच्या आधी मॅट उचलून बघणं हे कॅप्टनचं काम. मी बघितली नाही. ही चूक माळ्याची नाही, त्याच्या मुलीची नाही. माझी आहे." आणि जरा थांबून, हळू, "मागच्या माळ्याला मी खड्यासाठी काढलं. त्या दिवशीसुद्धा मी मॅट उचलली नव्हती." मग स्ट्रेचरवर आडवे झाले. त्यांना नेलं तेव्हा हौसा तिथंच उभी होती आणि हातावरचं वाळलेलं शेण नखानं खरवडत होती.

त्या माळ्याला त्यांनी शोधलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. धोंडूआबाची खोली राहिली. दवाखान्यातून साहेबांनी माझ्यासाठी सही पाठवली आणि मी पर्मनंट झालो. पण डोळा गेला. एका डोळ्यानं बॉल लांब आहे का जवळ ते कळत नाही म्हणे. हॉकी गेली, क्रिकेट गेलं, घोडा गेला. पुढं फौजेनंही त्यांना सोडलं. लोणावळ्याला त्यांच्या वडलांचा छोटा बंगला होता तिथं येऊन राहिले. माणूस चाळिशीच्या आतला, आणि व्हरांड्यात बसून डोंगराकडं बघायचा. एवढं सगळं खेळलेला माणूस नुसता बसलेला बघवत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गेटावरूनच माघारी फिरणार होतो, हौसानं ढकललं.

लग्नानंतर दर वर्षी नवा तांदूळ निघाला की आम्ही दोघं त्यांच्याकडं घेऊन जायचो. साहेब स्वतः चहा करायचे आणि किटली कपाच्या बाहेर ओतायचे, अंतर कळायचं नाही. हौसा कप सरकवून धारेखाली धरायची. साहेब म्हणायचे, "हौसाबाई, फिल्डिंग चांगली आहे तुमची." ती पदर तोंडाला लावायची. गेटाबाहेर आलं की रडायची. एकदा धीर करून तिनं विचारलं, "सायेब, खरं सांगा, डोळा कुनामुळं गेला?" ते म्हणाले, "कॅप्टनमुळं. पुढच्या वेळी तांदूळ जरा जास्त आणा, माझी बहीण येणार आहे."

आमचं मात्र मिटलं नाही. नवरा-बायकोत जमिनीवरून भांडणं होतात, दारूवरून होतात. आमच्यात एकच होतं. ती म्हणायची, "सायबाचा डोळा माज्या शेनानं गेला." मी म्हणायचो, "शेण काय उडून बसलं व्हय डोळ्यावर? बॉल माझा होता."

"मॅट सरकली म्हून उडाला."

"मी टाकला म्हणून उडाला. मला माहीत होतं, तुला माहीत न्हवतं."

"मला कळाय पायजे व्हतं."

"कसं कळणार? तू काय कसोटी खेळली होतीस?"

तव्यावरची भाकरी करपायची, पण कोणी मागं हटायचं नाही. साहेब वारले त्या दिवशीही आम्ही लोणावळ्याहून परत येताना एसटीत भांडलो. सून म्हणायची, "आत्या, आता तरी तो डोळा सोडा की." पोरांना वाटायचं म्हातारा-म्हातारी मजा करतायत. आमची मजा नव्हती. ओझं होतं, आणि दोघांनाही ते दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं नव्हतं.

हौसा जाऊन आता वर्ष व्हायचंय. तळेगावच्या दवाखान्यात नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं. मी बसल्या बसल्या काही सुचेना म्हणून म्हणालो, "बॉल माझा होता बरं का." तिनं डोळे न उघडता मान हलवली. नाही. शेवटपर्यंत नाही.

आता माझंच खरं ठरलंय, कारण खोडून काढायला कोणी नाही. जन्मभर ज्यासाठी भांडलो ते जिंकलो आणि घरात बसवत नाही. परवा सून बाहेर गेली होती. मी चुलीपाशी ती बसायची त्या जागेकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणालो, "बरं बाई, तुझं खरं. शेणानं गेला."

"मग एवढी वर्सं मी काय म्हनत व्हते?" असं कोणी म्हणालं नाही.